हॉलंडची बॅग इंदापुरात

माझ्या आत्याइतका प्रवास अख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणी केला नसेल, आणि एवढा प्रवास करून तिच्याइतकं जागच्या जागी कुणी राहिलंही नसेल. नोकरीची सगळी वर्षं ती इंदापूर-बारामती गाडीवर कंडक्टर होती. सकाळी इंदापूरहून निघायचं, निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर करत बारामती गाठायची, गाडी वळवायची आणि आल्या वाटेनं परत. हे सगळे किलोमीटर कुणी एका ओळीत मांडले असते, तर आत्या एव्हाना चंद्रावर उभी राहून तिथल्या लोकांना "पुढं सरका" म्हणत असती. प्रत्यक्षात ती पुण्याच्या पलीकडे कधी गेली नाही. मागच्या वर्षी ती निवृत्त झाली, म्हणजे डेपोच्या कागदांवर झाली. तिच्या लेखी गाडी अजून चालूच आहे, फक्त प्रवासी बदललेत, आणि ते बहुतेक आमच्या घरातले आहेत.

आत्या बसत नाही. बसलेली आत्या कशी दिसते हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. टीव्हीवरची मालिका ती कपाटाला पाठ लावून, एक पाय जरा पुढे टाकून, वरच्या फळीला धरून बघते. बहुधा मालिकेनं अचानक ब्रेक मारला तर पडायला नको म्हणून. जेवण ओट्याला टेकून, कीर्तन खांबाला टेकून. "आत्या, गुडघे दुखतील," म्हटलं तर म्हणते, "बसलं की दुखत्यात. उभं ऱ्हायलं की दुखणं पुढल्या ष्टॉपला उतरून जातं." चार माणसं जमली की ती आधी मोजते. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात होती, तेव्हा आत्या मांडवाच्या मागच्या टोकापासून माणसं मोजत पुढे आली आणि भटजींना म्हणाली, "थांबा, एक माणूस कमी हाय." सगळे हसले. मग पाहिलं तर नवरीचा मामाच नव्हता. तो चौकात पान खात उभा होता. त्या दिवसापासून तिच्या मोजणीला आमच्या भावकीत मान आहे. गणपतीच्या आरतीला मात्र आम्ही तिला मागे उभं करत नाही. एकदा केलं होतं, तर "पुढं लई जागा हाय, दारात गर्दी करू नका" असं म्हणत तिनं माणसं इतकी पुढे सरकवली की आरतीचं ताट धरलेले काका थेट मखरात पोचले.

तिच्या घरात माणसं बोलतात कमी आणि वाजवतात जास्त. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे, हा गाडीतला नियम तिनं संसारालाही लावलेला आहे. ताटावर उलथनं एकदा वाजलं की वाढायचं थांबायचं, दोनदा वाजलं की पंगत सुरू. तिचा मुलगा, आमचा बंटीदादा, या घंट्यांवरच लहानाचा मोठा झाला. आता त्याची स्वतःची जीप आहे, बायको आहे, मिशा आहेत. पण आत्यानं जीपच्या पत्र्यावर एकदा पंजा मारला की त्याचा पाय विचार न करता ब्रेकवर जातो, आणि दोनदा मारला की गाडी हलते. वहिनी म्हणते, "ह्यांना लग्नात हार घालायला बी आत्याबाईंनी डबल मारली तवा हात उचलला."

तर अशा आत्याला मी एक दिवस सांगितलं की मी हॉलंडला शिकायला चाललेय. मी कऱ्हाटीची. आमच्या गोठ्यात काळ्या-पांढऱ्या संकरित गाई आहेत, ज्यांचं मूळ माहेर हॉलंड. बारामतीत शेतकी शिकून झालं, आणि गाईंच्या चाऱ्यावर पुढचा अभ्यास करायला तिथल्या विद्यापीठात मला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी त्यांच्या गाई आमी संभाळायच्या, आन् तू त्यांच्या दारात जाऊन इचारायचं, ह्यांना खायला काय घालू?" पण डोळे चमकत होते. पुढचा प्रश्न खास तिचा. "गाडी कुठं बदलायची?" मी म्हटलं, दोहाला. "मंग उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर जायाचं. लागंल, लागंल म्हणत्यात आन् गाडी दुसऱ्याच फलाटावरनं निघून जाती." विमानाला मागून दार असतं का, हेही तिनं विचारलं. "असंल तर मागनंच चढ. पुढच्या दाराला समदे येडे गर्दी करत्यात."

एवढ्यावर ती थांबली असती तर ती आत्या कसली. दुसऱ्याच दिवशी इंदापूरहून कपड्यांची पिशवी घेऊन ती आमच्याकडे राहायला आली आणि तिनं माझी रंगीत तालीम घेतली. बारामतीच्या बाजाराचा दिवस, स्टँडवर ही गर्दी, आणि माझी नवीकोरी निळी चाकांची बॅग, आत पेंडीचं अर्धं पोतं भरलेलं. "ही घेऊन गाडीत चढून दाखव. हितं चढलीस तर हॉलंड काय, कुठं बी जाशील." पहिल्या खेपेला मी चढले आणि बॅग खाली राहिली. दुसऱ्या खेपेला लोकांनी मदत करून बॅग वर ओढली आणि मी खाली राहिले. गाडी बॅग घेऊन निघाली. आत्यानं धावत जाऊन पत्र्यावर एक पंजा मारला, गाडी थांबली, बॅग मिळाली. परत येताना मी रडकुंडीला आले होते, ती मात्र खुशीत होती. "बॅग ग्येली न्हवं? बॅगंचं जमलंय. आता फकस्त तुझं जमायचं ऱ्हायलंय."

मग घरात आठवडाभर नुसती धांदल. मावश्या, माम्या, शेजारच्या काकू, जी येईल तिच्या हातात डबा. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी, आणि तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक पापड आत येत नव्हता. काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, गूळ पास. कुरडया नापास, कारण "तितं पोचंस्तवर चुरा व्हतोय, मंग तू तिकडं काय भुस्सा तळणार?" तवा पास. पोळपाट पास, लाटणं नापास, "बाटलीनं बी लाटता येतं." गोठ्यातल्या काट्यावर बॅग टांगून वजन केलं तर विमानाच्या नियमापेक्षा कितीतरी जास्त. मी घाबरले. आत्या अजिबात नाही. "अगं, मांडीवर घेतलं की ते लगेज नसतं, ते लेकरू असतं." आणि तिनं मला खरोखर खुर्चीत बसवून, तवा आणि पोळपाट दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेऊन, चेहरा निरागस ठेवण्याचा सराव करायला लावला. आईला हसू आवरेना. मलाही आवरेना, आणि ते मला फार हवंहवंसं वाटत होतं. आपण जाणार, खरंच जाणार, हे त्या हसण्यातच पहिल्यांदा खरं वाटायला लागलं.

बॅगेवर नाव घालायचं कामही तिनंच केलं. मी आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर त्या निळ्याशार चकचकीत बॅगेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं हातभर अक्षरं: कु. शुभांगी, मु. पो. कऱ्हाटी, ता. बारामती. मी किंचाळलेच. "आत्या, तिथं मराठी कोण वाचणार आहे?" ती ब्रश पुसत म्हणाली, "मंग चोरणार बी कोण? कुणाची हाय तेच कळायचं न्हाय." त्यावर सुतळीचे चार वेढे, आणि शेवटी तिची ती निरगाठ, जी सोडवायला दात लागतात.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस गप्प होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले होते. पण बॅग घरात आली आणि त्यांचं काहीतरी बिनसलं. रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या की ते हात पुसत यायचे, "बघू तरी काय काय भरलंय," म्हणून सुतळी सोडायचे आणि काहीतरी बाहेर काढून ठेवायचे. एक दिवस लोकरीचा जाड स्वेटर, "लई जड हाय." एक दिवस बूट. कधी म्हणायचे, पुण्यात काय कमी कॉलेजं आहेत का. कधी म्हणायचे, पुढल्या साली गेलीस तर? बारामतीहून एक स्थळ आलं होतं, तर म्हणे नुसतं बघून घेऊ, बघायला काय जातंय. जाऊ नको असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडले असते. मला भीती होती ती निराळीच: रोज एक वस्तू कमी होत होत एक दिवस बॅग रिकामी होईल, आणि कुणीच नाही म्हटलेलं नसेल.

आत्यानं ते ओळखलं ते गाठीवरून. एका सकाळी तिनं बॅगेच्या सुतळीला हात लावला आणि म्हणाली, "ही माझी गाठ न्हाय. ही सुरगाठ हाय." ओढली की सुटणारी. तिनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी गोठ्याकडे पाहिलं. आत्यानं पुन्हा निरगाठ मारली आणि दिवसभर कुणालाही पुढे सरका म्हणाली नाही, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी होणार.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहून म्हणाली, "शुभी निघायची त्या दिवशी अमावास्या हाय." मी चाट पडले. मुहूर्तांची थट्टा करायची ती आमच्या घरात हिनंच. अमावास्येला काय गाड्या सोडत न्हाईत का, असं विचारून तिनं कित्येक ज्योतिष्यांना गप्प केलेलं होतं. अण्णांचा चेहरा मात्र उजळला. "मंग थांबू की आक्का. घाई कशाची? पुढल्या साली जाईल." "थांबायचं कशाला," आत्या म्हणाली, "प्रस्थान ठिवू." ही आमच्याकडची जुनी रीत. निघायचा दिवस वाईट असला तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाचं सामान, सुपारी-अक्षता बांधून, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरतात. मग प्रत्यक्षात अमावास्येला निघालात तरी हरकत नाही, कारण तुम्ही आधीच गेलेले असता. आईला हे पटलं. अण्णाही म्हणाले, ठीक आहे, शेजारच्या तात्यांकडे ठेवू, हाकेच्या अंतरावर. "तात्यांकडं नको," आत्या म्हणाली. "इंदापुरात ठिवू. माझ्या घरी."

मी तिला मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. हॉलंड पश्चिमेला, मुंबईचं विमानतळ पश्चिमेला, आणि इंदापूर पार पूर्वेला, सोलापूरच्या वाटेवर. आत्यानं नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. "फलाटावरनं निघताना गाडी आधी मागंच येती, मंग वळती." चांगल्या दिवशी सकाळी आईनं बॅगेला हळदकुंकू लावलं, मुठीला सुपारी बांधली, आणि हॉलंडला जायची बॅग सोलापूरच्या दिशेनं मार्गस्थ झाली. मी बारामतीपर्यंत सोबत गेले. इंदापूरच्या गाडीत नव्या कंडक्टरनं लगेज लावू का विचारलं, तर आत्या म्हणाली, "ही लगेज न्हाय, पाशिंजर हाय. कऱ्हाटी ते हॉलंड." बॅग खिडकीपाशी बसली. शेजारची जागा मोकळी होती, पण आत्या दांडीला धरून उभी राहिली.

त्यानंतरचे दिवस मजेचे गेले. गावाच्या हिशेबानं मी गेलेली होते. दळण घेऊन गिरणीत गेले तर काकू म्हणाल्या, "अगं, तू ग्येलीस न्हवं? मंग हितं काय करतीस?" आई मला पाहुण्यांच्या ताटात वाढायला लागली. मी मैत्रिणींना फोन करून सांगत होते की मी परदेशात आहे आणि सध्या शेण काढतेय. फक्त अण्णा संध्याकाळी हात पुसत यायचे, बॅगेच्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि परत जायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाले, "तिचा स्वेटर हितंच ऱ्हायला की. बॅग घेऊन येतो, नीट भरतो, परत ठिवू." आईनं माझ्याकडे पाहिलं. स्वेटर कुणी काढला होता हे तिघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, मी पण येते. मोटारसायकलच्या हँडलला स्वेटरची पिशवी अडकवून आम्ही इंदापूरला निघालो.

बॅग देव्हाऱ्यासमोर होती, वर ताजं कुंकू. आत्या चौकटीला टेकून उभी होती. अण्णा म्हणाले, "आक्का, बॅग दे. घरी न्हेऊन जरा नीट भरतो."

"हितंच भर."

"घरी बरं पडंल."

"दत्तू, प्रस्थान घरी परत न्हेत नसत्यात. तुला चांगलं म्हाईत हाय."

अण्णांनी मान खाली घातली. आत्या मग माझ्याकडे बघून बोलायला लागली, आवाज न चढवता, जसं कुणाला थांबे सांगावेत तसं. "मला नर्सिंगला नंबर लागला व्हता, सांगलीला. तवा बी अमावास्याच आडवी आली. आईनं माझी पत्र्याची पेटी प्रस्थान म्हणून समोरच्या घरी ठिवली. समोरच्या! रस्ता ओलांडला की आलं. सांच्याला आमचं वडील, आबा, म्हणालं, एवढ्या लांब कशाला पोरीला धाडायची. झालं, पेटी घरी आली. कुणी भांडलं न्हाय, कुणी रडलं न्हाय. मी पेटी उघडली आन् कापडं फळीवर ठिवली. पेटी लांब असती तर आणायला येळ लागला असता गं. तेवढ्या येळात मी कायतरी बोलले असते."

"मीच आणली व्हती," अण्णा म्हणाले. "डोक्यावर."

"तुला आण म्हणालं, तू आणलीस. तुझ्यावर माझा राग न्हाय. पर आता दुसऱ्यांदा आणू नगंस."

इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की आत्याला आल्या वाटेनं परत जाण्याचीच आवड आहे. आम्ही तिच्या फेऱ्यांवर किती हसलो होतो, आणि ती आमच्याबरोबर हसली होती.

अण्णा खाली बसले. निरगाठ सोडवायला त्यांना बराच वेळ लागला, दातही लावावे लागले. त्यांनी पिशवीतला स्वेटर काढला, घडी मोडली, पुन्हा नीट घातली आणि चटणीच्या डब्याशेजारी दाबून बसवला. चेन ओढली. सुतळी गुंडाळली, आणि वर स्वतःच्या हातानं गाठ मारली. मी वाकून पाहिलं. निरगाठ होती. मग त्यांनी मला विचारलं, "तिकडं थंडी लई असती का गं?" हॉलंडबद्दल त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी सांगत सुटले, थंडीचं, सायकलींचं, गोठ्यांचं, तिथल्या चाऱ्याचं, आणि ते ऐकत राहिले, मधेमधे "आसं व्हय" म्हणत. आतून आत्यानं ताटावर उलथनं दोनदा वाजवलं. आम्ही जेवायला उठलो.

निघायच्या सकाळी सगळे आत्याच्या दारात जमले. गेलेली मी आणि आधी गेलेली माझी बॅग, दोघी इंदापुरात एकमेकींना भेटलो. आत्यानं जीपमधली माणसं मोजली, एकदा बोटांनी, एकदा नजरेनं. आई, अण्णा, मी, गाडी चालवायला बंटीदादा. "तू पण चल ना विमानतळावर," मी म्हटलं. "माझी हद्द हितवर," ती म्हणाली. खिडकीची जागा मागून घे, पोटात मळमळलं तर आवळासुपारी चघळ, दोहाला चौकशीच्या खिडकीवर जा. लवकर ये असं सगळे म्हणाले, ती नाही म्हणाली. मी पाया पडले तर पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल, पुढं सरक. दारात गर्दी झालीय."

दादानं गाडी चालू केली. आत्यानं जीपच्या पत्र्यावर पंजा मारला. एकदा. दादाचा पाय ब्रेकवर गेला आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. दुसरा वाजलाच नाही. तिचा हात पत्र्यावर तसाच होता, माझ्या खिडकीच्या खाली, आणि ती माझ्याकडे न बघता हायवेच्या बाजूला बघत होती. अण्णा समोर बघत राहिले. मग तिनं हात उचलला आणि दुसरा मारला, पहिल्यापेक्षा जोरात.

प्रस्थान ठेवलेल्या माणसानं मागे वळून बघायचं नसतं असं म्हणतात. मी बघितलं. गल्ली रिकामी झाली होती, आणि आत्या दाराच्या पायरीवर बसली होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी टेकून बसली होती. जीप हायवेला वळेपर्यंत ती उठली नाही.